उपवासकाळ पाळायचा कसा: एक डबा, एक लोकल आणि सोडलेला चहा

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, एकच प्रश्न विचारते, "तुमच्या उपवासाला काय चालतं गं?" तिच्या डब्यात एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, महाशिवरात्रीला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मी सांगते, "सगळंच चालतं." तिला ते पटत नाही. सगळं चालतं तर उपवास कसला? तिचं खरं आहे, आणि आमची अडचणही तीच आहे. आमच्याकडे उपवासाच्या पदार्थांची यादी नाही. पळवाटांची मात्र भरपूर लांब आहे.

मी वसईची. एकतीस वर्षं वसई रोड ते सांताक्रूझ अशी नोकरी करतेय. उपवासकाळ पाळायचे जवळजवळ सगळे चुकीचे प्रकार मी करून बसले आहे, म्हणून आता जे जमतं ते सांगते. नव्याने लग्न होऊन आलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली मला चर्चच्या आवारात गाठून विचारतात, त्यांना उभ्या उभ्या जे सांगते तेच इथे जरा सविस्तर.

आधी नियम उरकून टाकू. ख्रिस्तसभेने सक्तीचे उपवास दोनच ठेवलेत: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडं खायचं, आणि ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणापेक्षा जास्त होता कामा नये. हे १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांस वर्ज्य करायचा नियम १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. तो या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी. मासे चालतात. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस ४६ भरतात. मधले सहा रविवार काढले की ४०. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. त्यात १९ मार्च, म्हणजे संत योसेफाचा सोहळा (सर्वांत वरच्या दर्जाच्या सणाला आम्ही सोहळा म्हणतो), नेमका शुक्रवारी येतोय, आणि सोहळ्याच्या शुक्रवारी मांसत्यागाची सक्ती नसते. ही माहिती आमच्या घरात नवऱ्याने सगळ्यांत आधी शोधून काढली, यात आश्चर्य नाही.

नियम संपले. एवढे पाळले की उपवासकाळ झाला असं समजणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी मोठ्या तोऱ्यात चहा सोडला. पूर्ण, सकाळचासुद्धा. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, तिसऱ्या दिवशी मी नवऱ्यावर भांडं आपटलं. सासूबाई अंगणात वालपापडी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चहा सोडलास तो गेला कुठे?" मला प्रश्नच कळला नाही. चहा कुठे जाणार? मग त्यांनी स्वयंपाकघरातलं एक झाकणाचं मडकं दाखवलं. उपवासकाळात रोज भाताचे तांदूळ मापून घेतले की त्यातली एक मूठ काढून त्या मडक्यात टाकत. घरातला प्रत्येक जण चार घास कमी जेवायचा आणि शनिवारी ते तांदूळ वाडीत कामाला येणाऱ्या बाईच्या घरी जायचे. त्यांच्या हिशोबात सोडलेली वस्तू कुणाच्या तरी ताटात पोचल्याशिवाय ती सुटलीच नव्हती. माझा चहा कुणाच्याही ताटात पोचला नव्हता. नुसता घराला ताप झाला होता.

तेव्हापासून मी मडक्याच्या जागी डबा ठेवते. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, झाकणाला सुरीने पाडलेली खाच. तुम्ही ठेवणार असाल तर काही गोष्टी अनुभवावरून सांगते. डबा घरातल्या वेदीसमोर ठेवू नका, तिथे तो पवित्र होतो आणि कुणी त्याला हात लावत नाही. दाराजवळ ठेवा, चपला काढतो तिथे. सोडायची गोष्ट रोजची आणि लहान असू दे, आणि तिला पैशाचं मोजमाप असू दे. मी आता सकाळचा चहा घेते. सोडते तो चार वाजताचा ऑफिसखालचा कटिंग आणि त्याच्यासोबतचा वडापाव. दोन्ही मिळून साधारण तीस रुपये. कामाचे दिवस तेहतीस धरले तर हजाराला दहा कमी. पैसे त्याच संध्याकाळी, रोख, डब्यात टाकायचे. "नंतर एकदम जीपे करते" हे मी दोन वर्षं करून पाहिलं. ईस्टरला आठवतच नाही किती द्यायचे होते, आणि मग माणूस आपल्याच बाजूने हिशोब करतो. शिवाय नाणं पत्र्यावर पडल्याचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू जातो. माझ्या मुलीला लहानपणी उपवासकाळ म्हणजे तो आवाजच माहीत होता.

ज्यांना उपाशी राहता येत नाही त्यांनी डब्यात काय टाकायचं? नवऱ्याला मधुमेह आहे, त्याचं जेवण मी एक घासही कमी होऊ देत नाही. गोळ्या घेऊन उपाशी राहणं ही भक्ती नव्हे, डॉक्टरला बोलावणं आहे. तो स्टेशनवरून रिक्षा सोडतो आणि चालत येतो. रिक्षाचे पैसे डब्यात.

आता राखेचा बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित करून आणलेल्या झावळ्या वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचलेल्या असतात. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, राखेच्या बुधवारच्या आधी त्या गोळा करतात आणि जाळून त्यांचीच राख कपाळाला लावतात. झावळ्या वेळेवर नेऊन द्या, नाहीतर माझ्यासारख्या तीन-तीन वर्षांच्या साठतात आणि त्यांत पाल राहायला येते. नोकरीवाल्यांनी चर्चमधली पहाटेची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, गाठावी. संध्याकाळच्या मिस्सेला पोचू या भरवशावर पश्चिम रेल्वेने मला अनेकदा सोडलंय.

मग कपाळावरच्या राखेचं काय? गाडीत कुणीतरी बाई हमखास रुमाल पुढे करते: "ताई, कपाळाला काळं लागलंय." गंमत अशी की त्याच दिवशीच्या मिस्सेत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं, उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. आणि ते ऐकून आम्ही राख लावून रांगेने बाहेर पडतो. मी ती पुसत नाही, दाखवतही नाही. कुणी विचारलंच तर सांगते, "माती आहोत आणि मातीत जाणार, ते लक्षात राहावं म्हणून." बायकांना हे लगेच समजतं. एकदा एक मावशी म्हणाल्या, "मग रोज लावा की." राखेसोबतचा सेल्फी मात्र नको.

शुक्रवारच्या जेवणाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मासे चालतात म्हणून शुक्रवारी पापलेट रवा लावून तळायचं, हे नियमात बसतं, उपवासात बसत नाही. पापलेटचा भाव कोंबडीपेक्षा किती जास्त आहे ते बाजारात जाऊन बघा. आमच्याकडे शुक्रवारी वालाचं बिरडं आणि भात, नाहीतर शेवग्याच्या शेंगांची आमटी. रात्री पेज आणि भाजलेला पापड. वाल गुरुवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी उपसून कापडात बांधा, शुक्रवारी सकाळी मोड आलेले मिळतात. उन्हाळा चढलेला असतो त्यामुळे मोड लवकर येतात. सोलायचं काम घरातल्या सगळ्यांना वाटून द्या. सोलताना एक रोजरी, म्हणजे आमची जपमाळ, आरामात होते. बोटं ओली असतात, मणी सरकवता येत नाहीत, म्हणून दहा दहा वाल बाजूला ठेवत मोजायचं.

आता सगळ्यांत आवडीची गोष्ट, क्रुसाची वाट. येशूच्या शिक्षेपासून कबरीपर्यंतचा एकेक प्रसंग म्हणजे एक स्थान, तिथे थांबून प्रार्थना करायची. शुक्रवारी संध्याकाळी ती चर्चमध्ये असते, पण साडेसातच्या आत घरी पोचणं मला वर्षातून दोनदा जमतं. खूप वर्षं चुकल्याचं वाईट वाटत राहिलं. मग एका शुक्रवारी गाडीत उभी असताना स्थानकं मोजली.

क्रुसाच्या वाटेवर चौदा स्थानं. वसई रोडपासून धीम्या गाडीने निघालं तर चौदावं स्थानक येतं सांताक्रूझ. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थच पवित्र क्रूस. मी काही जुळवलेलं नाही, रेल्वेने जुळवून ठेवलंय. पूर्वी तेराच भरायची. मी तेरावं सांताक्रूझला करायचे आणि चौदावं पुलाच्या जिन्यावर उरकायचे. २०१६ च्या डिसेंबरात गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मध्ये राम मंदिर स्थानक सुरू झालं आणि माझी क्रुसाची वाट पुरी झाली. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, शेवटी आमचाच देव कामाला आला." मी म्हटलं, आभारी आहे.

करायचं असं. विरारहून येणारी गाडी बोरिवलीनंतर बहुतेक वेळा जलद होते, म्हणून बोरिवलीला उतरून तिथूनच सुटणारी धीमी पकडायची. वीस मिनिटं जास्त जातात. शुक्रवारी तेवढी द्यायची. वसई रोडला पहिलं स्थान, येशूला मरणाची शिक्षा होते. तिथे आत शिरायचीच लढाई असते, फक्त क्रुसाची खूण करा. नायगावला तो क्रूस खांद्यावर घेतो. त्यानंतर खाडीचा पूल येतो, दारातून वारा लागतो, कुणी निर्माल्य पाण्यात सोडतं. इथे भरपूर वेळ मिळतो, म्हणून आठवड्याची ओझी इथे आठवून घ्यायची. भाईंदरला तो पहिल्यांदा पडतो. मीरा रोडला आईची भेट. मी इथे पाळणाघरात मूल ठेवून आलेल्या बायकांसाठी प्रार्थना करते, कारण मीही त्यातली एक होते. दहिसरला सिमोन नावाचा वाटसरू क्रूस उचलायला हात देतो. लेडीज डब्यात बसलेली बाई उभ्या असलेलीची जड पिशवी न विचारता मांडीवर घेते, ते पाहिल्यापासून मला सिमोन कोण ते वेगळं समजवावं लागलेलं नाही. तुम्हाला बसायला मिळालं असेल तर दहिसरला एक पिशवी घ्या. हे स्थान तसंच करायचं असतं.

बोरिवलीला वेरोनिका नावाची बाई येशूचा चेहरा पुसते. गाडी बदलून आपणही घाम पुसतोच. कांदिवलीला दुसरं पडणं. मालाडला येरुशलेमच्या रडणाऱ्या स्त्रिया. डब्यात तोवर टिकल्या-क्लिपा विकणारी चढलेली असते, भांडण एखादं सुरू असतं. गोरेगावला तिसरं पडणं. राम मंदिरला त्याची वस्त्रं काढून घेतात. जोगेश्वरीला खिळे ठोकतात. इथे मी आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचं नाव घेते. वसईत जन्मलेला मुलगा, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला क्रुसावर चढवला गेला. त्याचा सण होऊन काही आठवडेच झालेले असतात, चर्चमधली पताकांची दोरी कधीकधी तशीच लोंबत असते.

अंधेरीला बारावं स्थान. येशू मरतो. शुभवर्तमानात लिहिलंय की त्या वेळी सगळ्या देशावर अंधार पडला. गाडी अंधेरीला जरा जास्त थांबते, अर्धा डबा उतरून जातो. त्या वेळात काहीही म्हणू नका, प्रार्थनासुद्धा नको. विलेपार्ल्याला त्याला खाली उतरवून आईच्या मांडीवर ठेवतात. पूर्वी इथे बिस्किटांच्या कारखान्याचा खमंग वास खिडकीतून यायचा आणि उपाशी पोटी जीव कासावीस व्हायचा. तोही कारखाना २०१६ सालीच बंद झाला. खरं सांगायचं तर तेरावं स्थान त्यामुळे थोडं सोपं झालं, आणि मला ते आवडलेलं नाही. सांताक्रूझला कबर. उतरायचं, आणि पूल चढायचा.

प्रार्थनेचा मजकूर फोनवर ठेवलात तर डेटा बंद करा. मालाडच्या रडणाऱ्या स्त्रियांच्या मध्येच फॅमिली ग्रुपवरचं गुड मॉर्निंग येतं. ज्यांना जुनं मराठी वाचायची सवय आहे त्यांनी फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या येशूच्या दुःखसहनाच्या ओव्या घ्याव्यात. गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेलं हे पुराण, चारशे वर्षांपूर्वीचं. चार ओव्या रात्री मोठ्याने वाचल्या तर पुरतात. पहिल्या दिवशी अडखळायला होतं, आठवड्याने चाल सापडते.

पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं, पवित्र सप्ताहावर, ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यावर, ढकलू नका. तेव्हा रांग दारापर्यंत जाते, मागचा माणूस घड्याळ बघतो आणि आपण गंभीर गोष्ट गाळून "राग येतो, खोटं बोलते" एवढ्यावर सुटका करून घेतो. तिसऱ्या आठवड्यातला एखादा रिकामा दिवस गाठा. जाण्याआधी दहा मिनिटं बसून आठवा, कागदावर लिहिलंत तरी चालतं, पण तो कागद नंतर फाडा. मी एकदा किराण्याच्या यादीसोबत दुकानदाराला देणार होते. आणि आपली पापं सांगा. मी कितीतरी वर्षं सासूबाईंची सांगत होते. शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी जाळीपलीकडून विचारलं, "त्या स्वतः येत नाहीत का?"

होळीचं विचारतात पुष्कळ जणी. होळी फाल्गुनाच्या पौर्णिमेला, आणि ईस्टर २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी. दोन्ही चंद्रावर चालतात, म्हणून होळी आमच्या उपवासकाळातच सापडते. २०२७ साली तर ती थेट पवित्र सप्ताहात येतेय. शेजारीण तुपाची वाटी आणि पुरणपोळी घेऊन दारात येते. काय करायचं? खायची. गरम असताना, तिच्यासमोर. शेजारणीचं ताट परत पाठवून जो उपवास टिकतो तो न टिकलेला बरा. त्या रात्री फार तर पेज कमी प्या.

पवित्र सप्ताहाचं मी फार सांगत नाही, धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर वेळा असतात. दोनच गोष्टी. आज्ञा गुरुवार (उत्तम शुक्रवारचा आदला दिवस) आणि उत्तम शुक्रवारची रजा जानेवारीतच टाका. आणि गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत फादर बारा जणांचे पाय धुतात, त्या विधीसाठी तुमचं नाव आलं तर नाही म्हणू नका. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून त्या बारा जणांत बायकाही बसू शकतात. एका वर्षी मला बसवलं होतं. माझ्या टाचांना भेगा, रात्री व्हॅसलिन चोळून सकाळी दगडाने घासल्या तरी तशाच. मी उजवा पाय पुढे करून डोळे मिटून घेतले. फादरांनी भेगांवरूनच पाणी सोडलं, टॉवेलने बोटांच्या मधलंसुद्धा पुसलं, जसं आई पुसते, आणि पुढच्या पायाकडे सरकले. घरी आल्यावर मी नवऱ्याचे पाय धुतले. मधुमेहामुळे त्याच्या पायांकडे रोज बघायला डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, मी टाळत होते. आता रोज रात्री बघते.

शनिवारी दुपारी, ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सेआधी, डबा उघडा. वर्तमानपत्र पसरून नाणी लावा, शंभराच्या पुड्या करा. आमच्याकडे हजार-बाराशे निघतात, एका वर्षी दोन हजारांवर गेले होते, कुणी टाकले ते अजून कळलेलं नाही. नाणी घेऊन बँकेत जाऊ नका. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला सुट्टे हवेच असतात, तिला पुड्या द्या, तिच्याकडून नोटा घ्या. अर्धे पैसे मी ओळखीच्या कुणाला गरज असेल तिथे देते आणि अर्धे चर्चने उपवासकाळाच्या सुरुवातीला दिलेल्या पाकिटात घालते. पाकिटावर देणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ असते. ती कोरी सोडा.